मुलाला सलेशियन फादरांच्या शाळेत घातलं, त्याला दहा महिने झाले

गेल्या जूनमध्ये यजमानांची सोलापूरहून मुंबईला बदली झाली. मुलगा सातवीत जाणार होता. घरापासून चालत जाता येईल अशी मुलांची एक शाळा होती, डॉन बॉस्को यांच्या सलेशियन संघाचे फादर चालवतात ती. तिथे जागा मिळाली. तेव्हापासून ओळखीतल्या निदान आठ-दहा जणींनी विचारलं असेल, की कशी आहे, ख्रिश्चन करत नाहीत ना, मुलगा रमला का. प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. शाळेचं नाव देत नाही, कारण काही तक्रारीही आहेत.

पहिल्याच आठवड्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक शिक्का कमी निघाला आणि मला ऑफिसबाहेरच्या बाकावर तासभर बसावं लागलं. तेवढ्यात मधली सुट्टी झाली. पाचशे-सहाशे मुलं मैदानात उतरली आणि त्यांच्या मागोमाग शिक्षकही उतरले. एक फादर बाही दुमडून फुटबॉलमध्ये घुसले. एक तरुण ब्रदर जिन्याखाली कॅरम खेळत होते. दोन मिस डबे खाणाऱ्या मुलांच्या घोळक्यात उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात छडी नव्हती की शिट्टी नव्हती. मला वाटलं आज काही विशेष असेल. क्लार्क म्हणाले, "नाही हो ताई, हे रोजचंच आहे."

हे रोजचं का आहे, ते नंतर वाचल्यावर कळलं. जॉन बॉस्को (इटलीत धर्मगुरूंना 'डॉन' म्हणतात, म्हणून डॉन बॉस्को) 1815 मध्ये इटलीत, तुरीनजवळच्या खेड्यात जन्मले. दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील गेले. धर्मगुरू झाल्यावर तुरीनच्या कारखान्यांत राबणारी, तुरुंगात सडणारी पोरं त्यांनी पाहिली आणि त्यांच्यासाठीच आयुष्य दिलं. शिक्षेची भीती घालण्यापेक्षा मूल चुकायच्या आधीच मोठ्यांनी त्याच्या जवळ असावं, हा त्यांचा विचार. विवेक, श्रद्धा आणि वात्सल्य या तीन गोष्टींवर तो उभा आहे. 1884 मध्ये रोमहून त्यांनी आपल्या माणसांना एक पत्र लिहिलं. त्यात मैदानाचंच दुःख आहे: पूर्वी शिक्षक मुलांमध्ये खेळायचे, आता ते बाजूला आपापसांत बोलत उभे राहतात आणि मुलं दुरावली आहेत. मुलांवर प्रेम करणं पुरेसं नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना जाणवलं पाहिजे, असं ते त्यात म्हणतात. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या पत्रातलं मैदान मी त्या बाकावर बसून पाहिलं होतं.

आता मुलाचं सांगते. तो सेमी-इंग्रजीतून आलेला, मुळात अबोल. पहिल्या दिवशी वर्गशिक्षिकेनं आठवीतला एक मुलगा आणून त्याच्याशेजारी उभा केला. नव्या मुलाला महिनाभर सोबत द्यायची, हे त्या मुलाचं काम. पाण्याचा नळ कुठला, कुठल्या सरांना वहीत समास लागतो, कँटीनमध्ये रांग कुठून लावायची, सगळं त्यानं दाखवलं. या पद्धतीचंही मूळ जुनं आहे. 1856 मध्ये डॉन बॉस्कोंनी तुरीनमध्ये मुलांसाठी चालवलेल्या वसतिगृहात डोमिनिक साव्हियो नावाच्या चौदा वर्षांच्या मुलानं सवंगड्यांना घेऊन एक छोटं मंडळ काढलं होतं. नव्या, एकट्या पडलेल्या आणि वात्रट मुलांना वाटून घ्यायचं आणि त्यांच्याशी मैत्री करायची, हे त्या मंडळाचं काम. तीन वर्षांनी सलेशियन संघ स्थापन झाला तेव्हा त्या मंडळातली काही मुलं त्यात होती. नेतृत्व म्हटलं की आपल्याला बिल्ला, संचलन आणि भाषण आठवतं. या शाळेत त्याची सुरुवात दुसऱ्याची काळजी घेण्यापासून होते, आणि मला ते मनापासून पटलं.

बिल्ले आहेतच. चार हाउस, त्यांचे कॅप्टन, वर्गाचे मॉनिटर. पण माझी पहिली तक्रार इथेच आहे. कॅप्टनसाठी मुलं मतदान करतात, मात्र उमेदवारांची यादी आधी गुणांवरून गाळली जाते. ज्या आठवीतल्या मुलानं माझ्या लेकाला महिनाभर सांभाळलं, त्याला पासष्ट टक्के होते म्हणून त्याचं नाव यादीत आलंच नाही. मी पालकसभेत उठून बोलले. "विचार करू," असं उत्तर मिळालं. अजून काही बदललेलं नाही.

ऑगस्टमध्ये माझे सासरे गेले. मुलगा त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. आम्ही तेराव्यापर्यंत सोलापुरात होतो. वडिलांबरोबर त्यानंही हट्टानं केस काढले, आणि परत यायच्या आदल्या रात्री रडायला लागला, "मला चिडवतील." मी वर्गशिक्षिकेला मेसेज केला. दुसऱ्या दिवशी त्या फाटकापाशीच थांबल्या होत्या. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "वर्गाला मी सांगू, तू सांगशील, की कुणीच काही बोलायला नको?" तो म्हणाला, नको. त्यांनी ते पाळलं. टोपी घालायची परवानगी दिली, ती त्यानं दुसऱ्या दिवशीच काढून ठेवली. बुडालेला अभ्यास बाकावरच्या दोघांनी वाटून लिहून ठेवला होता. आणि कॅरम खेळणारे ते ब्रदर आठवडाभर रोज मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर टेबल टेनिस खेळत होते. (हे ब्रदर फादर होण्याच्या मार्गावरचे असतात, मध्ये काही वर्षं शाळेत मुलांमध्ये काढतात.) काय बोललात, असं मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही. खेळलो." पाचव्या दिवशी आजोबांबद्दल तो आपणहून बोलला.

शाळेत समुपदेशक मॅडम आहेत. आठवड्यातून दोनच दिवस येतात आणि मुलं हजाराच्या वर. ऑगस्टमध्ये मागितलेली वेळ सप्टेंबरच्या शेवटी मिळाली. तेवढ्यात मुलगा सावरला होता, तो त्या ब्रदरांमुळे आणि वर्गशिक्षिकेमुळे. पण एखाद्या मुलाला खरोखर तज्ज्ञाची गरज असेल तर सहा आठवडे फार होतात. माया हा उपचाराला पर्याय नाही, हे शाळेनं मनावर घ्यायला हवं. एका वर्गात साठ मुलं हेही जास्तच आहे.

रोज सकाळी असेंब्लीत प्रार्थनेनंतर दोन-तीन मिनिटांचं बोलणं असतं. मूळ प्रथा रात्रीची: डॉन बॉस्कोंच्या आई मार्गारिता यांनी घरात घेतलेल्या पहिल्या अनाथ मुलाला झोपताना चार प्रेमाचे शब्द सांगितले, तिथून ती सुरू झाली असं मानतात. दिवसाच्या शाळांत ती सकाळी आली. कधी फादर बोलतात, कधी शिक्षक, आणि शुक्रवारी मुलं. संक्रांतीला आम्ही गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेला, सोलापूरला गेलो होतो. रजेचा अर्ज वाचून फादरांनी विचारलं, "तिथे काय असतं, ते आम्हाला सांगशील?" परत आल्यावर त्यानं माइकवर सात नंदीध्वज सांगितले, सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा सांगितला, आणि एवढी उंच काठी पेलून चालायला माणसं कितीतरी दिवस आधीपासून सराव करतात हेही. शेवटी म्हणाला, "या वर्षी पहिल्यांदा आजोबा नव्हते." हे मला त्याच्या मित्राच्या आईनं सांगितलं. मुलानं घरी येऊन फक्त "बोललो" एवढंच सांगितलं.

यावरून धर्माच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं असेल. उरलेलं सरळ सांगते. शाळा ख्रिस्ती आहे आणि ते लपवत नाही. अंगणात मारियामातेची गुहा आहे, प्रार्थना येशूच्या नावानं सुरू होते, 31 जानेवारीला डॉन बॉस्कोंचा सण मोठा होतो. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो, त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. राज्यघटनेच्या 28व्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. प्रवेशाच्या वेळी ते शाळेनं आपणहून सांगितलं. दहा महिन्यांत मला कुणी वेगळं काही सुचवलेलं नाही. सासूबाई सुरुवातीला नाखूश होत्या. डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनाला आल्या, गुहेपुढे चप्पल काढून उभ्या राहिल्या आणि पर्समधला चाफा तिथे ठेवला. शिपाईमामांनी तो नीट मेणबत्तीजवळ सरकवून ठेवला. तेव्हापासून त्या त्या विषयावर बोललेल्या नाहीत. ज्यांना प्रार्थनेनंही अवघडायला होतं, त्यांनी मात्र आधी नीट विचार करावा. नंतर कुरकुर करण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबरमध्ये त्यानं एका मुलाला मारलं, ओठ फुटला. मला फोन आला तो दुपारी, सगळं मिटल्यावर. दोघांना समोरासमोर बसवून आधी कारण विचारलं होतं, मग त्या मुलाला दवाखान्यात नेताना माझ्या मुलालाही बरोबर नेलं होतं. टाका घालताना त्यानं पाहिलं. ओरडणं, वर्गाबाहेर उभं करणं यातलं काहीच झालं नाही. माझ्या शाळेत मी अंगठे धरून उभी राहिलेली आहे, म्हणून मला हे फार मोठं वाटतं.

पालकांचंही एक गणगोत होतं इथे. जुलैत एका दुपारी लोकल बंद पडल्या, लांबची शंभरेक मुलं अडकली. जवळ राहणाऱ्या आम्ही सातआठ जणींनी शाळेच्या स्वयंपाकघरात खिचडी टाकली. शेवटचा मुलगा रात्री साडेनऊला गेला, तोवर फादर फाटकातच होते. त्या रात्रीच्या ओळखी अजून टिकून आहेत. सासरे गेले तेव्हा घराची किल्ली त्यांच्यातल्याच एकीकडे होती.

आणखी दोन गोष्टी खटकल्या. मैदानात मराठी बोललं की काही शिक्षक टोकतात. मुलाच्या मनातलं ऐकायचं असेल तर ते त्याच्या भाषेत ऐकायला हवं, हे मी लिहून दिलंय. वर्गशिक्षिका त्याच्याशी मराठीत बोलतात, पण सगळे नाही. दुसरी गोष्ट फेटची, म्हणजे शाळेच्या आनंदमेळ्याची. तिकिटांचं पुस्तक प्रत्येक मुलाच्या हाती देतात आणि कुणी किती खपवली ते वर्गात वाचून दाखवतात. ज्यांचे नातेवाईक गावाला आहेत त्या मुलांनी कुणाकडे जायचं? फी आसपासच्या खासगी शाळांपेक्षा बरीच कमी आहे. अभ्यास ठीक, गणित चांगलं.

आम्ही त्याला पुढेही इथेच ठेवणार आहोत. तुम्ही अशा कुठल्या शाळेत फॉर्म आणायला जाणार असाल तर मधल्या सुट्टीच्या वेळेला जा, ऑफिसात बसू नका, मैदानाच्या कडेला उभ्या राहा आणि शिक्षक कुठे आहेत ते बघा. समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतात तेही विचारून घ्या.