रांगणारं पोर, मनी मांजर आणि गणपती पेठेतलं लाइटचं दुकान

सांगलीच्या गणपती पेठेत आम्ही ज्या दुकानातून घरचे लाइट घेतले त्याबद्दल लिहितेय, आणि खरं सांगायचं तर लाइटपेक्षा तिथल्या काकांनी जे विचारलं त्याबद्दल जास्त. घर आमचं गावभागात, जुनं. घरात साडेपाच वर्षांची मुलगी, अकरा महिन्यांचा मुलगा जो दिसेल तिकडं रांगत सुटतो, आणि मनी, आमची मांजर. हॉलमध्ये दोन ट्यूब आणि झोपायच्या खोलीत लाल झिरोचा बल्ब, एवढाच उजेड होता इतकी वर्षं.

आधी आमची चूक सांगते. उभा लॅम्प मागवला होता ऑनलाइन, तीन लाकडी पाय आणि वर काचेची शेड, दिसायला फार सुंदर. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरातही शिरलं होतं, त्यानंतर वायरमनकडून खालचे सगळे प्लग छातीएवढ्या उंचीवर घेतलेत. पोराचा हात पोचत नाही हे बरंच झालं, पण मग उभ्या लॅम्पची वायर वरून खाली लोंबत येते आणि लोंबणारी वायर म्हणजे मनीला आयतं खेळणं. आठ दिवसांत वायरवर बारीक बारीक दातांची भोकं, एका ठिकाणी तर आतलं तांबं दिसायला लागलेलं. त्यात सप्टेंबरचे दिवस, लाइटभोवती पाखरं, एका संध्याकाळी मनीनं सोफ्यावरून पाखरावर झेप घातली आणि लॅम्प आडवा, शेडचा चुरा, आणि पोरगं तिथनं दोन हातांवर बसलेलं. त्याला कुठं लागलं नाही पण मी अर्धा तास त्याचे तळवे बॅटरीनं तपासत बसले होते.

म्हणून दुकानात गेले तेव्हा मी डिझाइन बघतच नव्हते. काकांनी पहिल्यांदा विचारलं, "वहिनी, बाळ खाली झोपतंय का कॉटवर?" म्हटलं खालीच, गादी घालून. "मग आधी त्याच्या शेजारी झोपून वर बघा, कुठला लाइट डोळ्यात येतोय, आणि मग या घ्यायला." त्यादिवशी त्यांनी काही विकलंच नाही.

आम्ही हॉलला ते छोटे गोल स्पॉट लावणार होतो. नणंदेकडं विश्रामबागला तसलेच आहेत, तिथं जाऊन सतरंजीवर खरंच उताणी झोपले. उभं असताना काही कळत नाही हो, पण खालून बघितलं की एकेक ठिपका सरळ डोळ्यात घुसतो, पापणी मिटली तरी हिरवा डाग दिसत राहतो. आणि तान्हं पोर दिवसाचा किती वेळ उताणं असतं, तेल लावताना, लंगोट बदलताना. त्यात लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग आपल्यापेक्षा स्वच्छ असतं, निळसर उजेड आत जास्त जातो. आपण खोली किती उजळ दिसते ते दारात उभं राहून बघतो आणि जो सगळ्यात जास्त वेळ छताकडं बघत असतो त्याचा विचारच करत नाही.

शेवटी छताला चिकटून बसणारे दुधी झाकणाचे पॅनेल घेतले, झाकण काचेचं नाही, प्लास्टिकचं. बॉक्सवर केल्व्हिनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा असतो तो नक्की बघा, 6500 म्हणजे पांढराफेक निळसर, 2700 ते 3000 म्हणजे पिवळट. आम्ही हॉलला 4000 आणि झोपायच्या खोलीत 3000 घेतलं. सासूबाईंना आधी पिवळा उजेड मिणमिणता वाटला, पण पोराचं रात्रीचं रडं कमी झालं म्हणून आता त्याच सांगतात सगळ्यांना. ते लाइटमुळंच झालं का दात येऊन गेले म्हणून, हे मी छातीठोक सांगणार नाही. पिवळ्यावर पाखरं मात्र कमी येतात, त्यामुळं मनीच्या उड्यापण कमी झाल्या.

काउंटरवरच काकांनी प्रत्येक बल्ब लावून मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरायला लावला. एका स्वस्तातल्या बल्बवर स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले, तो त्यांनीच बाजूला ठेवला. आपली वीज 50 हर्ट्झची, बल्बच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे वीज सांभाळणारं सर्किट, हलका असला की बल्ब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होत राहतो, आपल्याला दिसत नाही पण डोकं जड होतं. ही परीक्षा कुठल्याही दुकानात करता येते, लाजू नका.

उभ्या लॅम्पच्या जागी भिंतीवरचा ब्रॅकेट लाइट घेतला, प्लगच्याच उंचीवर, वायर सगळी केसिंग पट्टीत. पूर आला म्हणून वर गेलेले ते प्लग आता खरे उपयोगी पडले. वायरमननं मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन लगेच बंद करणारा स्विच, पण बसवला. हा खर्च लाइटपेक्षा जास्त झाला पण वायर कुरतडणारं जनावर घरात असेल तर लाइट नंतर घ्या, हे आधी बसवा.

तक्रारी दोन आहेत. एक, दुकानातल्या कामाच्या पोरानं मुलीच्या खोलीसाठी रंगीत लाइटची पट्टी गळ्यात मारली, तिच्या रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल आणि झाकण नुसतं सरकवायचं, स्क्रू नाही. घरी आल्यावर पाच मिनिटांत ते झाकण पोराच्या मुठीत होतं. सेल मी वेळेत काढला. असा सेल पोटात गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. काकांनी काही न बोलता पट्टी परत घेतली पण मुळात लहान मूल आहे म्हटल्यावर ती दाखवायलाच नको होती. दुसरी, सैंधव मिठाचा दिवा शोकेसला लावलाय आणि सगळ्यांना आवडतो. मनीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, मांजर तो चाटत बसलं तर अंगात मीठ चढून जिवावर बेततं. दुकानात हे कुणी सांगत नाही.

लाल झिरो काढून प्लगमध्ये बसणारा पिवळा नाइट लॅम्प लावलाय, अर्ध्या वॅटचा. जुना झिरो नावालाच झिरो, तो 15 वॅट खायचा. मनीला त्याचीही गरज नाही, ती अंधारात बरोबर जाते, रात्री उठून पोराला पाजायचं असतं ते मला.

आता जिन्यातला तेवढा राहिलाय, तिथं सेन्सरवाला लावायचाय. मनी रात्री दहा वेळा वरखाली करते तेव्हा तो दर वेळी पेटणार का, हे शनिवारी जाऊन काकांना विचारायचंय.