लोकप्रियतेच्या आकड्यांवरून विकलेले भाकीत

रायगड जिल्ह्यातील आमच्या भागात टेनिस चेंडूने खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटच्या स्पर्धेसाठी संघमालक लिलावात खेळाडू घेतात. गेल्या हंगामाआधी एका मध्यस्थाने आमच्या मंडळाला एक अहवाल विकला. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरील लोकप्रियतेवरून कोणता खेळाडू किती धावा करील, हे त्यातून कळते असा त्याचा दावा होता. पैसे अर्थातच आगाऊ घेतले.

पुरावा म्हणून त्याने आदल्या वर्षीचा तक्ता दाखवला होता. ज्याचे फॉलोअर जास्त त्याच्या धावाही जास्त, असा मेळ त्यात इतका चोख बसलेला होता की शंकेला जागाच उरू नये. खोट होती ती फॉलोअरच्या रकान्यात, कारण ते आकडे स्पर्धा संपल्यानंतर घेतलेले होते. अंतिम सामन्यात षटकार मारणाऱ्या मुलाचे रील गावोगाव फिरले, त्यामुळे त्याचे फॉलोअर वाढले आणि त्याच वाढीव आकड्यावरून त्याच्या धावा आधीच ओळखल्याचे भासवले गेले. नेमबाज स्वप्नील कुसळे याने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक जिंकल्यानंतर त्याला मिळालेली प्रसिद्धी मोजून पदकाचे भाकीत केल्याचे सांगावे, तसलाच हा प्रकार.

आकडे आधीचे असते तरी फारसा उपयोग नव्हता. इन्स्टाग्रामवर सर्वाधिक फॉलोअर असलेला भारतीय खेळाडू विराट कोहली याने आयपीएलच्या २०२२ च्या हंगामात १६ सामन्यांत ३४१ धावा केल्या आणि तीनदा तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला. २०२४ मध्ये त्याच्याच ७४१ धावा झाल्या. चाहते दोन्ही वर्षी होतेच.

अहवालात पहिल्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूच्या रीलखालील प्रतिक्रिया नंतर नीट पाहिल्या, तेव्हा ‘सुपर भाई’ हे दोनच शब्द ओळीने दिसले आणि ते लिहिणाऱ्या खात्यांवर ना फोटो होता, ना एखादी पोस्ट. मध्यस्थ त्याच खेळाडूकडून बोलीवर दलाली घेत होता, हेही पुढे उघड झाले. त्या खेळाडूचा खांदा दुखावलेला असल्याचे तर त्याच्या वाडीतल्या कुठल्याही पोराने फुकट सांगितले असते.

फॉलोअरचे आकडे कोणत्या तारखेचे आहेत, असे विचारताच मध्यस्थाने ‘पद्धत गोपनीय आहे’ असे उत्तर दिले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. पैसे ऑनलाइन दिले असतील, तर व्यवहार क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. आम्ही ती केली आहे. शेजारच्या तालुक्यात तोच तक्ता नव्या वर्षाच्या नावाने दाखवला जात असल्याचे समजते.