केळकर संग्रहालय: चौथीच्या मुलांना किती दाखवावे, कसे दाखवावे

पुण्यात बाजीराव रस्त्यालगत, नातूबागेत असलेल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी चौथीचे वर्ग घेऊन आतापर्यंत तीन वेळा गेले आहे. त्यांतली पहिली भेट पूर्ण फसली होती आणि त्यात संग्रहालयाचा काडीचाही दोष नव्हता. एकाच दिवसात शनिवारवाडा, संग्रहालय आणि सारसबाग असा बेत आमच्याच शाळेने आखला होता. ठरवलेली बस दीड तास उशिरा आली, आणि भरीस भर म्हणून मी मुलांच्या हाती पंचवीस रिकाम्या जागांची प्रश्नपत्रिका दिली होती. मुले वस्तूंकडे पाहण्याऐवजी पाट्यांवरची नावे उतरवत राहिली. परतताना एकीला विचारले, 'काय आवडले?' ती म्हणाली, 'बाई, सारसबागेतली भेळ.'

असे असूनही प्राथमिक वर्गांच्या क्षेत्रभेटीसाठी मी हेच ठिकाण पहिल्या क्रमांकावर ठेवते, आणि त्याचे कारण तेथल्या वस्तूंमध्ये आहे. चौथीच्या मुलांचा इतिहास किल्ले, लढाया आणि तह यांनी भरलेला असतो. तो त्यांना आवडतोही, पण त्या काळातली माणसे घरात काय वापरत, कशात शिजवत, कोणत्या उजेडात जेवत, हे पुस्तकात फारसे येत नाही. केळकर संग्रहालयात तलवारी आणि चिलखते आहेतच, परंतु त्याचे खरे वैभव समया, लामणदिवे, अडकित्ते, वज्री, दौती, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये आणि नक्षीदार दरवाजे यांत आहे. यांतली निदान एखादी वस्तू मुलाच्या आजीच्या घरी माळ्यावर पडलेली असते, त्यामुळे भेट संपल्यावरही घरी विचारायला काहीतरी उरते.

संग्रहाची कथा मुलांना आधी सांगावी, असा माझा आग्रह आहे. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि राजा हा एकुलता एक मुलगा लहानपणीच गेल्यावर त्याचेच नाव त्यांनी या संग्रहाला दिले. पत्नी कमलाबाईंची साथ घेऊन गावोगाव हिंडून जमवलेला हा ठेवा त्यांनी पुढे राज्य शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयाला ज्याचे नाव आहे तो आपल्याएवढाच मुलगा होता, हे कळल्यावर दाराशी चाललेला गोंगाट आपोआप कमी होतो. हे मी नंतरच्या दोन्ही भेटींत पाहिले.

एकूण संग्रह 20,000 वस्तूंच्या वर आहे आणि त्यांतल्या सुमारे 2,500 वस्तू मांडलेल्या आहेत. नऊ वर्षांच्या मुलाने एवढे सगळे एका सकाळी पाहावे, ही अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याला पंगतीतले सगळे पदार्थ एकाच घासात भरवण्यासारखे आहे. म्हणून दुसऱ्या भेटीपासून आम्ही फक्त तीन थांबे ठेवले: दिवे, अडकित्ते आणि भांडी. बाकीच्या दालनांतून मुले चालत गेली, थांबली नाहीत. कोथरूडहून आणून येथे उभारलेल्या मस्तानी महालापाशी मात्र रांग अडलीच, आणि ते ठीकच झाले. प्रश्नपत्रिका बाद करून प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल दिली आणि एकच काम सांगितले: एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसून तिचे चित्र काढायचे आणि ती कोण, कधी, कशी वापरत असेल हे दोन वाक्यांत लिहायचे.

अडकित्त्यांसमोर एका मुलाने विचारले, 'बाई, हे एवढे मोठे स्टेपलर कशाला?' प्रश्न हसण्यासारखा असला तरी निरीक्षण अचूक होते, कारण दोन दांडे, एका टोकाला जोड आणि दुसऱ्या टोकाला हाताचा दाब, ही रचना दोहोंत सारखीच आहे. काचेआडची वस्तू हाताळता येत नाही आणि येऊही नये; म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाईंचा लोखंडी अडकित्ता मी वर्गात नेला. सुपारी पात्यांच्या टोकाशी धरली तेव्हा दोन्ही हातांनी दाबूनही ती फुटेना. तीच जोडाजवळ सरकवताच 'कट्' असा आवाज होऊन दोन तुकडे झाले. तरफेचा धडा त्यांना पुढे कधीतरी शिकायचा आहे, पण तो येईल तेव्हा हा आवाज त्यांना आठवेल, एवढी खात्री मला आहे.

भांड्यांच्या दालनाला जोड म्हणून आम्ही त्याच आठवड्यात एका कल्हईवाल्यांना शाळेत बोलावले, आणि खरे सांगायचे तर भेटीचे चीज त्या दुपारी झाले. पुण्यात कसब्यातली तांबट आळी अजून आहे, पण दारावर कल्हईची हाळी बहुतेक मुलांनी कधी ऐकलेलीच नव्हती. काकांनी मैदानाच्या कोपऱ्यात कोळसे पेटवले, हाताने फिरवायचा भाता लावला आणि आतून काळवंडलेले पितळी पातेले त्यावर धरले. ते पुरेसे तापल्यावर त्यांनी नवसागराची चिमूट टाकली; पांढऱ्या धुराचा लोट उठला, कथलाची कांडी आत टेकली, कापसाच्या बोळ्याने ती वितळलेली चमक गरकन फिरवली आणि पाहता पाहता पातेल्याचा आतला भाग चांदीसारखा झाला. मग पाण्यात बुडवल्यावर झालेला 'चर्र' आवाज मुलांनी तीनदा करायला लावला. बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलेली आमटी किंवा ताक का कळकते, म्हणजे धातूमुळे चव बिघडून खराब का होते, हे काकांनी आपल्या भाषेत सांगितले, आणि 'कळकणे' हा शब्द वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांना त्या दिवशी प्रथम मिळाला. नवसागराचा धूर घशाला झोंबतो, तेव्हा हा कार्यक्रम उघड्यावरच, वाऱ्याची दिशा पाहून आणि मुलांना चांगल्या अंतरावर बसवून करावा. पहिल्या रांगेला आम्ही दोनदा मागे सरकवले. कारागिराला 'माहिती द्यायला या' असे म्हणून फुकट राबवू नये, त्या दिवसाची मजुरी ठरवून द्यावी, हेही येथेच नोंदवते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काढावेत, अशी कल्पना आहे. चौथीच्या मुलांना दहा दिवस नकोत. दोन दुपारी पुरतात.

नेणाऱ्या शिक्षकांसाठी काही सूचना. शाळेचे पत्र देऊन वेळ आधी ठरवावी आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. बाजीराव रस्त्यावर मोठी बस उभी करण्याची कसरत होते, म्हणून मुलांना उतरवून बस पुढे पाठवणे सोयीचे पडते. चाळीस मुलांच्या दोन तुकड्या कराव्यात आणि दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. आम्ही दोन आज्यांना बरोबर नेले होते, आणि वज्री पाहताच त्यांतल्या एकीने टाच घासून दाखवल्यावर कोणत्याही पाटीची गरज उरली नाही. तीन थांब्यांना दीड तास पुरतो. त्यानंतर मुले पाहत नाहीत, केवळ चालतात. डबा मात्र शाळेत परतूनच उघडावा.

कल्हईवाल्या काकांचे काम त्या दिवशी एका पातेल्यावर थांबायचे होते. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी पाच पालक पिशव्यांतून जुनी पितळी भांडी घेऊन उभे होते, आणि काकांनी पुन्हा कोळसे पेटवले.