सोलरची बॅटरी: बिलासाठी नको, फ्रीजरसाठी हवी

"बॅटरी लावा, बिल शून्य," असं दुकानदार म्हणाला तर हसून सोडून द्या. हर्णैला आमच्या घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे, खालच्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. कडक उन्हात दिवसाला १२ युनिट आरामात होतात. दुपारी महावितरणला गेलेले युनिट नेट मीटरिंगमध्ये रात्रीच्या वापरातून वजा होतात, उरले तर पुढच्या महिन्यात जमा. मग साठवायला वेगळे पैसे कशाला? उलट बॅटरीत भरता-काढता दहाएक टक्के वीज वायाच जाते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची ७८ हजारांची सबसिडीसुद्धा पॅनेलवर, बॅटरीला छदाम नाही.

तरीही आम्ही ५ युनिटची लिथियम बॅटरी घेतली, सव्वा लाखाची. सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर, त्याचे पैसे वेगळे.

कारण आमचा डीप फ्रीजर. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, कित्येक दिवस लाइट नव्हती. आमरसाचे डबे आणि मासळी मागच्या परड्यात खड्डा खणून पुरली. आणि एक गोष्ट सोलर घेताना कुणी धड सांगत नाही: लाइन गेली की साधं सोलर भर उन्हातही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं.

आता लाइट गेली तर पंख्याचा वेगही कमी होत नाही. फ्रीजर, पंखे, दिवे आणि वायफाय यांची लाइन वेगळी काढून घेतली. पंप आणि गीझर मुद्दाम बाहेर ठेवले. रात्रभर एवढं चालून सकाळी ४० टक्के शिल्लक दिसते. फक्त जुलैच्या झडीत सोलर कसंबसं ३-४ युनिट देतं, तेव्हा दुसऱ्या रात्री पंख्यांवर काटकसर करावी लागते.

बसवणारा बॅटरी बाहेरच्या भिंतीवर लावायला निघाला होता. खारा वारा इथे दाराच्या कड्या खातो, म्हटलं आत पडवीत लाव.

ठाण्याच्या दिरांना मात्र मी सरळ नको म्हटलं. तिथे क्वचित अर्धा तास लाइट जाते, साधा इन्व्हर्टर पुरतो.

पाहुणे विचारतात, एसी चालेल का? दीड टनाचा एसी तीनेक तासांत बॅटरी रिकामी करेल. मी त्यांना गच्चीवर खुर्च्या टाकून देते.