आयडीएसपीचं रिपोर्टिंग: लॅबवालीचा रिव्ह्यू, 5 पैकी 4

मी नागपुरात एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, 2015 पासून आयडीएसपीचा एल फॉर्म, म्हणजे लॅबचा फॉर्म, भरून राहिली, म्हणून म्हटलं या सर्व्हिसवर आपणच लिहावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयडीएसपी म्हणजे साथीच्या आजारांवर नजर ठेवणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम, 2004 ला सुरू झाला, दिल्लीच्या एनसीडीसीकडून, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडून चालतो. फॉर्म तीन. एस फॉर्म एएनएम ताई, म्हणजे उपकेंद्राच्या नर्स, भरतात, नुसत्या लक्षणांवरून, ताप, जुलाब, कावीळ असं. पी डॉक्टरांचा, संशय असला की. आणि एल आमचा, टेस्ट पॉझिटिव्ह आली की. पहिले रिपोर्ट आठवड्याचा असायचा, सोमवार ते रविवार.

तेव्हा पोर्टलवर बहुतेक आकडेच जायचे, डेंग्यू 3, टायफॉइड 5, बस. आता सांगा, "डेंग्यू 3" वाचून कोण कोणाच्या घरी जाणार? एप्रिल 2021 ला आयएचआयपी हे आजारांच्या माहितीचं नवं ऑनलाइन पोर्टल आलं आणि पेशंटवार एंट्री सुरू झाली, पत्त्यासकट, रोजच्या रोज. हा बदल मला लय आवडला. पत्ता हातात असला की टीम सरळ त्या गल्लीत जाऊन टाक्या, ड्रम, कूलर पाहू शकते. कूलर मुद्दाम म्हटलं, आपल्याकडे पावसाळा लागला तरी कूलर खिडकीतच आणि खाली टाकीत पाणी तसंच. एडिस डासाला अंड्यातून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आठवड्यातून एकदा साठलेलं पाणी रिकामं करायचा कोरडा दिवस पाळायला सांगतात तो यासाठीच, आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट दोन आठवडे फाइलीत पडून राहिला तं तेवढ्यात डासांची नवी पिढी तयार.

सगळ्यात चांगली गोष्ट निल रिपोर्ट. काही सापडलं नाही तरी शून्य कळवायचं. नवीन होती तेव्हा मला हे फालतू काम वाटायचं. मग 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भात स्क्रब टायफस आला. ताप उतरत नाही, डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, आणि अंगावर कुठंतरी काखेत नाहीतर कमरेला किडा चावल्याची छोटी काळी खपली, ती कोणी शोधलीच नाही तं आजार कळणार कसा? औषध साधं डॉक्सिसायक्लिन आहे हो, पण वेळेत द्यावं लागते. तेव्हापासून मला शून्य आणि कोरी जागा वेगवेगळी दिसते. शून्य म्हणजे कोणीतरी पाह्यलं. कोरी जागा म्हणजे कोणी पाह्यलंच नाही.

एक स्टार कापला तो खासगीतून कमी रिपोर्टिंग होते म्हणून. मागच्या पावसाळ्यात भाचीला डेंग्यू झाला, एका खासगी हॉस्पिटलात चार दिवस भरती, प्लेटलेट 40 हजारांपर्यंत उतरल्या होत्या. उपचार चांगले केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी मी काउंटरवर विचारलं की केस कळवली का, तं ते म्हणे कोणाला? पंधरा दिवसांत शेजारचे आजोबा आणि त्यांची नात दोघंही तापानं पडले. मला इतकं वाईट वाटलं, कारण मी स्वतः हेच काम करते आणि मीही त्यांनी कळवलंच असेल असं धरून बसली होती. मग वहिनीला घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसला गेली, दुसऱ्या दिवशी माणसं आली, बाजूच्या बंद घराच्या कूलरमध्ये अळ्याच अळ्या.

लॅबवाल्यांना एक विनंती, लॉगिनसाठी जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारा, आणि रजिस्ट्रेशनवाल्या पोराला सांगून ठेवा की पत्त्यात नुसतं "नंदनवन, नागपूर" लिहू नको, गल्ली लिही, जवळचं मंदिर नाहीतर दुकान लिही. अख्ख्या नंदनवनात एक कूलर कुठून शोधतील ते?