विधी सेवा समितीचा दहा महिन्यांचा अनुभव: आयव्हीएफची फाईल, सासूबाईंचा चरितार्थ आणि विम्याचा क्लेम

मागच्या श्रावणात पहिल्यांदा तालुक्याच्या कोर्टात पाय ठेवला. आमचं गाव बीड-लातूरच्या शिवेवर. मालक कृषी सेवा केंद्रात कामाला, मी घरी शिलाई करते. आषाढात सासूबाईंना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात आमचं दुसरं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार) फसलं होतं. दवाखान्याचे पैसे भरून हात रिकामे झालेले आणि विमा कंपनीचं ‘क्लेम नामंजूर’ असं पत्र आलेलं. वकील करायचा म्हणजे आधी हजारो रुपये, मग तारखा, एवढंच डोक्यात होतं. गावातल्या आशाताई म्हणाल्या, ‘कोर्टात विधी सेवेची खोली आहे, बायांना फुकट वकील मिळतो, जा तर खरं.’

त्यांचं खरं निघालं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि त्याच्या कलम १२ प्रमाणं बाईला, लेकराला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला उत्पन्नाची अट लागत नाही. मालकांच्या नावानं अर्ज केला असता तर उत्पन्नाचा दाखला लागला असता. माझ्या आणि आत्याबाईंच्या (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते) नावानं केला तर आधार कार्ड, दोन फोटो आणि अडचण काय ते लिहिलेला साधा अर्ज पुरला. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती. कोर्टात जायला जमत नसेल तर १५१०० वर फोन लावता येतो. मी पहिल्यांदा तिथंच फोन केला होता, त्यांनीच तालुक्याला जायला सांगितलं.

पहिला महिना मात्र वाया गेला. मिळालेले पहिले वकील फोन उचलत नव्हते, आणि भेटले तेव्हा टायपिंगचे म्हणून पाचशे रुपये मागितले. पैसे मी दिलेही. नंतर कळलं की टायपिंग, नकला, कोर्ट फी हे सगळं विधी सेवेनंच करायचं असतं, पॅनलवरच्या वकिलानं अशिलाकडून पैसा घ्यायचा नसतो. सचिवांच्या नावे चार ओळींचा अर्ज दिला, पोहोच घेतली, आणि आठवड्याभरात दुसऱ्या वकील मिळाल्या. मॅडमच पाहिजेत असं मी अर्जातच लिहिलं होतं. त्या खोलीत एका बाकावर जमिनीच्या वादाची माणसं आणि दुसऱ्यावर आम्ही. आमच्या भागात कुणाचा कसला दवाखाना चालू आहे हे एसटी स्टँडवरच कळतं. टेस्ट ट्यूबचं चारचौघांत मला बोलता येत नव्हतं. मॅडमनी ते ओळखलं आणि दुपारी कोर्ट उठल्यावर यायला सांगितलं.

आयव्हीएफचं आधी सांगते, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही. आमचे तीन गर्भ त्या शहरातल्या दवाखान्यात गोठवून ठेवलेले आहेत. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून फाईल मागितली तर ‘फाईल दवाखान्याची असते’ असं उत्तर. तीनदा गेलो, तीनदा तेच. हातात फक्त डिस्चार्ज कार्ड. मॅडमनी सरळ सांगितलं की हा कायदा नवीन आहे, मला वाचावा लागेल. दहा दिवस घेतले. मला तेव्हा राग आला होता, पण दहा दिवसांनी त्या कायदा वाचून, कलमं लिहून घेऊन बसल्या होत्या. न वाचता ‘होईल, बघू’ म्हणणाऱ्यापेक्षा हे कधीही बरं.

त्यांनी पत्र दोन आधारांवर लिहिलं. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे. दुसरा आधार एआरटी कायदा (टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांचा), २०२१ चा, जो जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दवाखान्यानं नोंदी दहा वर्षं जपायच्या आणि तक्रार निवारण कक्ष ठेवायचा, हे त्यातच आहे. पत्र स्पीड पोस्टानं गेलं. चौथ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, ‘ताई, फाईल तयार आहे, सही करून घेऊन जा.’ तीन महिने जे होत नव्हतं ते एका पानानं झालं.

फाईल सेहेचाळीस पानांची. मॅडमच्या टेबलावर आम्ही ती एकेक पान उलटत बसलो. अकरा ठिकाणी माझी सही, अकरा ठिकाणी मालकांची. सगळं इंग्रजीत. गर्भ गोठवण्याच्या संमतीपत्रावर एक चौकट होती: नवरा-बायकोपैकी एक वारला तर या गर्भांचं काय करायचं? पर्यायांपैकी एकावर खूण केलेली, खाली आमच्या सह्या. खुणेच्या पेनाची शाई निळी होती, आमच्या सह्यांची काळी. ती खूण आम्ही केली नव्हती, तो प्रश्नच आम्हाला कुणी विचारला नव्हता. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मला तर हात लावायलाही नको वाटलं त्या कागदाला. लेकरासाठी चार वर्षं झटतोय, आणि त्याचं पुढं काय करायचं ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवून ठेवलेलं.

या कायद्यात गर्भ पिशवीत सोडेपर्यंत जोडप्याला संमती मागं घेता येते. त्यामुळं आम्ही जुन्या खुणेला आमची संमती नाही असं लेखी कळवलं आणि नवा पर्याय स्वतःच्या हातानं भरून दिला. गर्भ दुसरीकडं हलवायचं अजून ठरत नाही. स्वतःचेच गर्भ स्वतःसाठी न्यायचे तरी या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. दवाखाना बदलायचा विचार असेल तर गर्भ गोठवायच्या आधीच करा. नंतर ते फार जड जातं.

आता आत्याबाई. त्यांना दोन मुलं. थोरल्या भायांना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, त्यांनी २०१६ साली दोन एकर बक्षीसपत्र करून दिलं, ‘आईचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं त्यात लिहिलेलं. आजारपण आलं तसं भाया आणि जाऊबाई पुण्याला गेले ते गेलेच. औषधं, डायपर, फिजिओथेरपी सगळं आमच्यावर. करायला माझी ना नाही, त्यांनी मला लेकीसारखं वागवलंय. पण महिन्याला सात-आठ हजार कुठून आणायचे?

मॅडम म्हणाल्या, दिवाणी दावा नको, त्यात वर्षं जातील. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करा. तिथं वकिलाला उभं राहता येत नाही असं कायद्याचं कलम १७ सांगतं, म्हणून अर्ज मॅडमनी लिहून दिला आणि आत्याबाईंसोबत मी गेले. आईच्या वतीनं तिनं अधिकार दिलेल्या माणसाला अर्ज करता येतो. मागता येणारी रक्कम महिन्याला दहा हजारांपर्यंत. बक्षीसपत्र रद्द करायचीही सोय कलम २३ मध्ये आहे, पण सांभाळाची अट असेल तरच, आणि ते पत्र कायदा आल्यानंतरचं असेल तर. आमच्या कागदात अट होती, म्हणून मागणीत तेही लिहिलं. बक्षीसपत्र करून देणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ही एक ओळ लिहून घ्यायला सांगा.

अर्जावर अंगठा घ्यायचा त्या दिवशीचं विसरत नाही. उजव्या हातात जीव नाही. विधी स्वयंसेवक पोरानं शाईचं पॅड त्यांच्या मांडीवर ठेवलं, डावा हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि अंगठा स्वतःच टेकवला. वाकडा उमटला. मग मॅडमनी बाजूला ‘डाव्या हाताचा अंगठा’ असं लिहून साक्षीदाराची सही घेतली.

भाया दोन तारखांना आले नाहीत, तिसऱ्याला आले. आधी समेटाचा प्रयत्न झाला. अधिकाऱ्यांनी आत्याबाईंना विचारलं, ‘आजी, काय पाहिजे?’ त्यांची बोली अजून जड आहे, पण शब्द कळले: ‘औषधाचे पैसे. भांडण नको.’ भाया खाली बघत होते. चार हजार महिना कबूल झाले, तसा आदेश निघाला. जमिनीचा मुद्दा आत्याबाईंनीच सोडायला लावला. माझ्या मते सोडायला नको होता, पण जमीन त्यांची, लेक त्यांचा. कायद्यात निकाल नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस. आमचे एकशे बारा दिवस लागले. आदेशाची नक्कल वेळ अमावस्येच्या (मार्गशीर्षातल्या शेतीच्या सणाच्या) आदल्या दिवशी हातात आली.

पैसे वेळेवर येतात का? पहिले दोन महिने आले, तिसरा चुकला. थकलेल्या रकमेसाठी त्याच न्यायाधिकरणाकडं, म्हणजे त्याच उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, वसुलीच्या वॉरंटचा अर्ज करता येतो, पण देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. मॅडमनी अर्ज लिहून तयार ठेवला आणि मालकांनी भावाला फोन करून तेवढं सांगितलं. पैसे आले. त्यानंतर चुकले नाहीत.

विम्याचं थोडक्यात. ‘आधीचा बीपी लपवला’ म्हणून आत्याबाईंच्या आजारपणाचा क्लेम नाकारला होता. इथं विधी सेवेचा उपयोग एवढाच झाला की कुठं जायचं ते कळलं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्यायचं. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडं. फी नाही, वकील नाही. अर्ज दिलाय, सुनावणी बाकी आहे. बीपीचं निदान पॉलिसीनंतरचं आहे हे दाखवणारा कागद म्हणून जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी शोधायला आम्हाला महिना लागला. आजारपणातली एकही चिठ्ठी टाकू नका.

दहा महिन्यांत खरं कोर्ट एकदाही चढावं लागलं नाही. तीन अडचणींची तीन वेगळी दारं होती आणि ती आम्हाला माहीत नव्हती. विधी सेवेचं खरं मोल मला इथं वाटतं. उणिवा आहेत: वकील कसा मिळेल हे नशिबावर, आरोग्याचे कायदे माहीत असणारे थोडे, आणि पाठपुरावा आपणच करावा लागतो. मी सोळा चकरा मारल्या, त्या प्रत्येक दिवसाची शिलाई बुडाली. जाताना प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स न्या आणि जे द्याल त्याची पोहोच घ्या. माझ्या पहिल्या अर्जाची पोहोच मी घेतली नव्हती, तो सापडलाच नाही, पुन्हा लिहावा लागला.

फाईल घेऊन आम्ही पुढच्या सोमवारी दुसऱ्या डॉक्टरकडं चाललो आहोत. या वेळी सही करायच्या आधी प्रत्येक पान मराठीत सांगा असं म्हणायचं, हे मालकांनी आणि मी ठरवलंय. आत्याबाईंना काठी घेऊन दारापर्यंत चालता येतं. पाच तारखेला मोबाईल वाजला की त्या मला मेसेज वाचून दाखवायला सांगतात.