पोट सुटलेल्यांनी शर्ट रेडीमेड घ्यावा की शिवून?

रेडीमेड शर्टाचं माप छातीवरून किंवा कॉलरवरून ठरतं, पोटावरून नाही. अंगाने बारीक पण पोट सुटलेल्या माणसाची गोची इथेच होते. चाळीस नंबर घेतला तर पोटावरची बटणं ताणतात. बेचाळीस घेतला तर पोट मावतं, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि माणूस थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखा दिसतो. बगलेतून पोटापर्यंतचा घोळ कोणताही शिंपी तासाभरात आत घेतो. खांदा मात्र उसवून नीट बसवणं किचकट आणि महागही. म्हणून रेडीमेड घेताना आधी खांदा बघावा, पोट नंतर.

शिंपी छाती, पोट, सीट (कमरेखालचा घेर) अशी वेगवेगळी मापं घेतो. माप देताना पोट आत ओढू नका (सगळेच ओढतात!). शर्ट बाहेर सोडणार असाल तर खालची कड सरळ ठेवायला सांगा, लांबी पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत. सुती कापड आधी भिजवून, वाळवून द्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. गोव्याच्या दमटपणात पॉलिएस्टर अंगाला चिकटून पोटाची जाहिरात करतं, तेव्हा कापड सुती किंवा लिननच.

चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर असेल तर म्हापशात काय नि फोंड्यात काय, शिंप्याचा शब्द धरून बसू नये. तेव्हा सरळ रेडीमेड. एरवी माझं मत शिवण्याकडेच. सडपातळ, सरळ बांध्याच्या माणसाला मात्र शिलाईचा खर्च करायची गरज नाही.